एका नंबरचे दोन पट्टे

परळच्या एका प्रसूतिगृहात मी परिचारिका म्हणून लागले, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी पहिली शिस्त लावली ती पट्ट्याची. बाळ जन्मलं, रडलं, नाळ कापून झाली की खोलीबाहेर नेण्याआधी त्याच्या अंगावर नंबर चढलाच पाहिजे. चिकटपट्टीवर शाईने आईचं नाव, नोंदणी क्रमांक, मुलगा की मुलगी, जन्मवेळ असं लिहायचं. एक पट्टी बाळाच्या हाताला, तशीच दुसरी आईच्या मनगटाला. पुढे प्लास्टिकचे पट्टे आले, पद्धत तीच राहिली. बाळाला आंघोळीला नेलं, तपासायला नेलं, तरी परत आणल्यावर दोन्ही नंबर मोठ्याने वाचायचे आणि मगच बाळ आईच्या कुशीत द्यायचं. रात्रपाळीला डोळ्यांवर कितीही झोप असली तरी यात सूट नाही. एकट्या बाळाच्या हातातल्या पट्टीने फार काही साधत नाही. तिची जोडी दुसऱ्या मनगटावर आहे, म्हणून तिला किंमत.

निवृत्तीनंतर हा पट्टा पुन्हा भेटला तो घाटकोपरला. २०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत लेक म्हणाली, "आई, याला किडझानियाला घेऊन जा ना, मला रजा मिळत नाही." करी रोडहून धीमी गाडी पकडून आम्ही आजी-नातू घाटकोपरला उतरलो आणि रिक्षाने आर सिटी मॉल गाठला. किडझानिया मूळचं मेक्सिकोचं. पहिलं १९९९ मध्ये मेक्सिको सिटीत सुरू झालं, मुंबईत ते २०१३ मध्ये आलं. आत मुलांच्या मापाचं अख्खं शहर आहे. मुलं तिथे आग विझवतात, दवाखान्यात काम करतात, विमान चालवतात. त्याचा पगार 'किडझो' नावाच्या चलनात घेतात आणि तिथेच खर्च करतात. मोठ्या माणसांनी त्यांच्या कामात शिरायचं नाही, काचेबाहेर उभं राहून बघायचं.

प्रवेशाच्या काउंटरवरच्या मुलीने नातवाच्या मनगटाला एक पट्टा बांधला, मग माझा हात मागितला आणि दुसरा मला बांधला. दोन्ही पट्टे पाठोपाठ मशीनला लावले. "आजी, आता हा तुमच्याशिवाय बाहेर पडू शकत नाही," ती म्हणाली. सवयीने मी नातवाच्या पट्ट्याखाली करंगळी सरकवून बघितली. रुतत नव्हता आणि हातातून निसटणाराही नव्हता. पोरीने अगदी बरोबर बांधला होता.

त्या दिवशी नातू माझ्या नजरेआड कितीतरी वेळ होता. मी मात्र निवांत होते. इतर आया, आज्यांच्या चेहऱ्यावरही तीच निश्चिंती दिसत होती. निघताना दारावर दोघांचे पट्टे पुन्हा मशीनला लावले गेले, जोडी जुळली आणि आम्हाला सोडण्यात आलं. कोणी गोड बोलून, चॉकलेट दाखवून त्याला दारापर्यंत आणलं असतं, तरी ते दार त्या माणसासाठी उघडलं नसतं. प्रसूतिगृहात आम्ही तोंडाने नंबर वाचून जे करत होतो, ते इथे मशीन करत होतं.

घरी आल्यावर लेकीने मला त्यातलं तंत्र समजावून दिलं. पट्ट्यात एक बारीकशी चिप असते आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचं किंवा धातूच्या पातळ पट्टीचं वेटोळं. पुष्कळशा पट्ट्यांत बॅटरी नसतेच. वाचणाऱ्या यंत्राच्या लहरी त्या वेटोळ्यात क्षणभरापुरती वीज निर्माण करतात, तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. म्हणून पट्टा यंत्राच्या अगदी जवळ न्यावा लागतो. चिपमध्ये बहुधा एवढा नंबरच असतो. तो कोणाचा, त्याच्या नावावर किती पैसे, त्याच्याबरोबर कोण आलंय, ही माहिती लांब कुठल्या तरी संगणकात असते.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डने २०१३ मध्ये 'मॅजिकबँड' आणला, तेव्हा या सगळ्या यंत्रणेवर सुमारे एक अब्ज डॉलर खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. तिकीट, हॉटेलच्या खोलीची किल्ली, जेवणाचे पैसे, झुल्याची राखून ठेवलेली वेळ, सगळं त्या एका पट्ट्यात. त्यात लांबून ओळखू येणारी, बॅटरीवर चालणारी दुसरी यंत्रणाही होती, त्यामुळे पाहुणा कुठे फिरतोय याचाही अंदाज येई. आपल्या मुंबईतही पट्टा हळूहळू रुळला. महालक्ष्मी रेसकोर्सवर जानेवारी २०२३ मध्ये लोलापालूझा हा संगीतमहोत्सव पहिल्यांदा भरला. तिथे खाण्यापिण्याचे पैसे मनगटावरच्या पट्ट्यातून जात होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने 'टॅपटॅप' नावाचा सिलिकॉनचा पट्टा २०० रुपयांना काढला. फाटकाला मनगट लावायचं आणि पुढे जायचं.

पैशाच्या पट्ट्याचा अनुभव मी एका वॉटर पार्कमध्ये घेतला आणि त्याचं एक सुख मला मनापासून सांगायचं आहे. गोराईचं वॉटर किंगडम १९९८ मध्ये उघडलं, तेव्हा आमच्या चाळीतली माणसं जथ्याने तिकडे जायची. बोरिवलीपर्यंत लोकल, पुढे खाडी ओलांडायला लाँच. पाण्यात सगळे उतरायचे, पण पाकिटं, घड्याळं, दागिने, परतीची तिकिटं घेऊन एक बाई काठावर बसलेली असायची. कधी काकू, कधी मावशी, बऱ्याचदा मी. अख्खा दिवस पिशव्यांच्या गराड्यात बसून तिने दुसऱ्यांची मजा बघायची. पैसे पट्ट्यात आणि सामान लॉकरमध्ये गेल्यावर काठावरची ती बाई मोकळी झाली. साठी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा त्या लाटांच्या तळ्यात छातीभर पाण्यात उभी राहिले, लेक एका बाजूला, नातू दुसऱ्या बाजूला. एवढ्यासाठी मी त्या पट्ट्याची कायमची ऋणी आहे.

पण त्याच दिवशी दुसरी बाजूही कळली. नातू आइस्क्रीमच्या गाडीपाशी जाऊन नुसता हात पुढे करत होता. नोट मोडली नाही, सुटे मोजले नाहीत, काहीतरी संपतंय हे त्याला कळायला वावच नव्हता. संध्याकाळी पट्ट्यात उरलेले पैसे परत घ्यायला रांग लावावी लागली. ओल्या केसांची, झोपेला आलेली पोरं कडेवर घेऊन बाया ताटकळत होत्या. ज्यांचे थोडेच पैसे उरले होते, असे बरेच जण ते सोडून निघून गेले. माझ्या मते तिथे पैसे परत करणं हे भरून घेण्याइतकंच सोपं असायला हवं, आणि मुलाच्या पट्ट्यात किती खर्च करता येईल याची मर्यादा आईबापांना आधीच घालता यायला हवी.

मला या पट्ट्याची खरी तळमळ लागली ती मात्र लालबागमुळे. आमचा भाग गणपतीचा. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. दहा दिवस इथे रात्र आणि दिवस यात फरक राहत नाही. करी रोड आणि चिंचपोकळी स्टेशनांतून माणसांचे लोंढे उतरत राहतात. आमच्या गल्लीतल्या मंडळात मी प्रथमोपचाराच्या टेबलावर बसते आणि हरवलेली मुलंही त्याच टेबलावर आणली जातात. एक बाक, पाण्याचा कॅन, ग्लुकोजची बिस्किटं, माइक आणि एक वही.

हरवलेलं मूल कसं असतं हे ज्याने जवळून पाहिलंय, तो ते विसरत नाही. तीन-साडेतीन वर्षांचं पोर आईचं नाव 'मम्मी' सांगतं, राहायला कुठे विचारलं तर 'घरी' म्हणतं. माइकवरून आपण पुकारायचं, लाल फ्रॉक, पांढरे बूट, केसात पिवळी क्लिप. ढोल-ताशांत ते कोणाला ऐकू जाणार? त्यात मोबाइलचं जाळं गर्दीने तुंबलेलं, फोन लागता लागत नाही. काही आईबाप शहाणपणाने मुलाच्या तळव्यावर बॉलपेनने नंबर लिहून आणतात. एका मुलाची मूठ मी हळूच उघडली, तर भाद्रपदातला पाऊस आणि घाम यांनी शेवटचे दोन आकडे पुसून टाकले होते. आठ आकडे स्वच्छ वाचता येत होते आणि त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. त्याची आई बऱ्याच वेळाने सापडली, पोराला छातीशी धरून मटकन खालीच बसली.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी किडझानियाची ती जोडी सांगितली. मुलं म्हणाली, "काकू, चिप, मशीन, एवढा खर्च कुठून करायचा?" मी म्हटलं, चिप नको, जोडी हवी. अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या घाऊक दुकानातून आम्ही न फाटणाऱ्या, पाण्याने न विरघळणाऱ्या पातळ पट्ट्यांचे गठ्ठे आणले. न पुसणाऱ्या मार्करने दोन-दोन पट्ट्यांवर एकच क्रमांक घातला. रांगेच्या तोंडाशी दोन मुलींना बसवलं. मुलाच्या पट्ट्यावर क्रमांक आणि दोन मोठ्या माणसांचे मोबाइल, मोठ्या माणसाच्या पट्ट्यावर तोच क्रमांक.

मुलाचं नाव वर लिहायचं नाही, यावर मी अडून बसले. नाव वाचून कोणीही परका माणूस मुलाला हाक मारू शकतो आणि नावाने हाक मारणारा मुलाला आपला वाटतो. मोठ्या माणसालाही पट्टा कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. कारण मूल सापडल्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो न्यायला आलेल्या माणसाचा. हा मामा खरा मामा आहे का? फोन लागत नसताना ते ठरवायचं कसं? आता मंडपाजवळच्या पोलिसांना बोलावून त्यांच्यासमोर दोन्ही क्रमांक मोठ्याने वाचतो. जुळले तर मूल हवाली करतो, न जुळले तर आई येईपर्यंत ते माझ्या बाकावरच बसतं. वहीत फक्त क्रमांक आणि वेळ लिहितो. अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी ती पानं फाडून टाकतो. मुलं अजूनही हरवतात, पण आता टेबलावर आलेल्या मुलाचं घर मला त्याच्या मनगटावर वाचता येतं.

पानं फाडण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. गर्दीच्या यात्रांमध्ये आता चिपची ओळख येऊ लागली आहे. अमरनाथला २०२२ पासून प्रत्येक यात्रेकरूला अशी ओळख बाळगावी लागते, आमच्या चाळीतली माणसं ती गळ्यात घालून यात्रा करून आली. हिमालयात वाट चुकलेल्या माणसासाठी ती जीवरक्षकच आहे आणि नाशिकच्या येत्या सिंहस्थातही मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या मनगटाला असा पट्टा असावा असं मला वाटतं. पण पट्टा जेव्हा मूल कुठे रेंगाळलं, काय खाल्लं, काय मागितलं हे साठवून ठेवतो, तेव्हा तो राखण सोडून पाळत ठेवायला लागतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सक्तीची केली आहे आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई केली आहे. पट्टा बांधून घेताना आईने बेधडक विचारावं, ही माहिती कुठे जाते आणि कधी पुसली जाते? उत्तर द्यायची जबाबदारी बांधणाऱ्याची आहे.

तिकिटाऐवजी पट्टा आला की रांग लवकर सरकते, ओल्या हातांनी पाकीट उघडावं लागत नाही. हे फायदे खरे आहेत आणि त्यासाठी उद्याने पैसेही लावतील. माझी मागणी त्यापुढची आहे. जिथे मुलाच्या हाताला पट्टा बांधला जातो, तिथे तो आधी त्याच्या माणसाशी जोडला जावा, मग पैशाशी. करोडो रुपयांच्या उद्यानात ते व्हावं आणि गल्लीतल्या मंडपातही व्हावं. मंडपाला लागतात ते दोन पातळ पट्टे, एक न पुसणारा मार्कर आणि दोन्ही क्रमांक मोठ्याने वाचणारं एक जागं माणूस. येत्या गणपतीत आपापल्या मंडळाने एवढं जरूर करावं. पट्टा कसा बांधायचा ते शिकवायला मी कुठल्याही मंडळात यायला तयार आहे.