तीस जूनला बंद पडलेला वर्ग

चेन्नईत येऊन मला बरीच वर्षं झाली. नुंगंबाक्कमच्या महालिंगपुरम भागात आमचं घर आहे. डिसेंबर २०१५च्या पुरात शेजाऱ्यांबरोबर जेवणाची पाकिटं भरायला गेले आणि त्या ओळखीतून इथल्या एका सेवाभावी क्लबची सभासद झाले. पुढे जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षासाठी क्लबच्या युवा सेवेची डायरेक्टर म्हणून माझी निवड झाली. वर्षअखेरीस आमच्या अहवालाचं कौतुक झालं. त्या अहवालात जे आलं नाही ते इथे लिहिते आहे, कारण पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर अशा कितीतरी ठिकाणी माझ्याएवढ्याच उत्साहाने ही पदं सांभाळणारी माणसं आहेत आणि माझ्या हातून जे झालं ते त्यांच्या हातूनही सहज होऊ शकतं.

पहिली चूक झाडांची. मी पुण्यात वाढले. जून-जुलैत खड्डे खणायचे, पहिला पाऊस मुरला की रोपं लावायची, हे शाळेपासून अंगात भिनलेलं. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तोही जुलैतच, आणि महाराष्ट्राच्या हवामानाला तो महिना अगदी योग्य आहे. पद हाती येताच जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका शाळेच्या आवारात आणि लेक एरियाच्या रस्त्याकडेला आम्ही वृक्षारोपण केलं. कॉलेजची मुलं आली, बॅनर लागला, फोटो झाले. रोपं निवडताना मी गुलमोहर आणि सोनमोहर मागवले, कारण फुललेला रस्ता कसा दिसेल ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

चेन्नईत जुलै म्हणजे कडक ऊन. संध्याकाळी एखादी जोरदार सर येऊन जाते, पण भरवशाचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येतो. वर्षाला साधारण १४० सेंटिमीटर पाऊस पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक याच तीन महिन्यांत. हे शोधायला मला लांब जायला नको होतं. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आमच्याच भागात, कॉलेज रोडवर आहे. १७९२ साली उभ्या राहिलेल्या मद्रास वेधशाळेची ती जागा. रोजच्या बातम्यांत शहराचा पाऊस नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम इथल्या नोंदींवरूनच सांगतात. मी त्या बातम्या वर्षानुवर्षं ऐकत होते. तरीही झाडं लावताना मी पुण्याचंच पंचांग धरलं.

सप्टेंबरपर्यंत बहुतेक रोपं वाळली. शाळेचे वॉचमन अण्णा मात्र सुरुवातीपासून सांगत होते की पाणी घालायला माणूस नाही, दिवाळीच्या सुमाराला लावा. मी त्यांना हसून "नक्की जगतील" म्हटलं होतं. झाडाच्या निवडीतही मी चुकले होते. १२ डिसेंबर २०१६ला वरदा चक्रीवादळ चेन्नईवर आलं तेव्हा शहरातली हजारो झाडं एका दिवसात आडवी झाली, आणि उथळ मुळांच्या, ठिसूळ लाकडाच्या गुलमोहरासारख्या झाडांनी लवकर दम सोडला. रस्ते बंद करून पडलेली ती झाडं मी स्वतः पाहिली होती. कडुनिंब, करंज, जांभूळ ही इथल्या मातीतली, वाऱ्याला टिकणारी झाडं मला सुचली नाहीत, कारण माझा विचार झाडापेक्षा कार्यक्रमाचा होता.

दुसरी चूक जेवणाची. क्लबच्या सेवादिनी एका महापालिका शाळेत आम्ही भाताची पाकिटं आणि मिठाई वाटली. मुलांनी ती आनंदाने घेतली. त्याच दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात पोषण आहाराचा सांबारभात आणि उकडलेली अंडी तयार होती आणि बरंचसं अन्न उरलं. स्वयंपाक करणाऱ्या बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अम्मा, काल सांगितलं असतंत तर मी तांदूळ मोजूनच काढले असते." त्यांना हिशेब द्यावा लागतो, उरलेल्या अन्नाचं उत्तर द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि आम्ही हे कुठे केलं होतं? ज्या शहराने शाळेतल्या जेवणाची वाट दाखवली, त्या शहरात. नुंगंबाक्कमला लागून असलेल्या थाउजंड लाइट्समधल्या महापालिका शाळेत मुलांना दुपारचं जेवण द्यायचा ठराव १९२० साली, त्यागराय चेट्टी महापालिकेचे प्रमुख असताना झाला. एका मुलामागे दिवसाला एक आण्याहून जास्त खर्च करायचा नाही अशी मर्यादा होती. मुख्यमंत्री कामराजांनी १९५० च्या दशकात ही कल्पना राज्यभर नेली आणि नंतरचे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १ जुलै १९८२ला ती आणखी व्यापक केली. शंभर वर्षांच्या या कामावर आम्ही एका दिवसाची पाकिटं आणून ठेवली होती. नंतर मुख्याध्यापिकांशी सविस्तर बोलले तेव्हा त्यांनी मागितलं ते हात धुवायच्या नळांची दुरुस्ती आणि पिण्याच्या पाण्याची टाकी साफ करून देणारा माणूस. आमच्या पाकिटांच्या खर्चात दोन्ही झालं असतं.

तिसरी चूक शिबिराची. नववी ते बारावीच्या मुलांसाठी दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर घ्यायचं ठरलं. नुंगंबाक्कम हाय रोडवरचा वातानुकूलित हॉल घेतला, बाहेरून वक्ते बोलावले. ध्येय कसं ठरवावं, वेळेचं नियोजन, आत्मविश्वास असे विषय होते आणि सगळं इंग्रजीत. मुलं तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळांतली होती. पहिल्या दिवशी दिवसभर ती हात बांधून बसली. वक्त्याने प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे पाहत. माझं तमिळही बाजारहाटापुरतंच, त्यामुळे मला त्यांच्याशी नीट बोलता येईना. मुलं बुजरी आहेत, असा मी निष्कर्ष काढला.

दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजवयीन स्वयंसेविकांपैकी एकीने, कुणाला न विचारता, माइक घेतला आणि तमिळमध्ये बोलायला सुरुवात केली. दहावीनंतर काय करायचं आहे एवढंच तिने विचारलं. मग प्रश्नांची रीघ लागली. जातीचा दाखला वडिलांच्या गावाहून आणावा लागेल का? घरात कुणीच पदवीधर नसेल तर फर्स्ट ग्रॅज्युएटचा दाखला कुठून मिळतो आणि इंजिनिअरिंगच्या फीत त्याने किती सवलत मिळते? ई-सेवा केंद्रात काय काय न्यावं लागतं? सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना कॉलेजात महिना हजार रुपये देणारी 'पुदुमै पेण' योजना ५ सप्टेंबर २०२२ला नुकतीच सुरू झाली होती. तिच्याबद्दल मुलींनी इतकं विचारलं की त्या स्वयंसेविकेला पुढच्या सत्राची वेळही वापरावी लागली. ध्येय काय असावं हे त्या मुलांना आमच्याकडून कळायला नकोच होतं. ध्येयं त्यांच्याजवळ होती. त्यांच्या वाटेत उभे असलेले कागद, मुदती आणि कार्यालयं यांची माहिती त्यांना हवी होती, आणि ती आमच्यातल्या कुणीही तयार करून आणली नव्हती.

ह्या तीन चुकांनी पैसा आणि वेळ वाया गेला. चौथ्या चुकीत मुलांचं वर्ष गेलं.

शिबिरानंतर आम्ही नववी-दहावीच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला. जवळच्या वस्तीत राहणारी मुलं, कुणाचे वडील ऑटो चालवतात, कुणाची आई आमच्याच इमारतींमधून घरकाम करते. एका समाजमंदिरातली खोली मिळाली, गणित आणि विज्ञानासाठी एका निवृत्त शिक्षिकेला मानधन देऊन बोलावलं, बाकी विषय आसपासच्या कॉलेजांतली मुलं घेत. त्यातही नियोजन कच्चं होतं. कॉलेजांच्या सेमिस्टर परीक्षा नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये असतात. शाळांची हाफ-इयर्ली डिसेंबरात आणि दहावीची पब्लिक एक्झाम मार्च-एप्रिलच्या सुमाराला. म्हणजे शाळेच्या मुलांना जेव्हा सर्वांत जास्त गरज, नेमके तेव्हा आमचे स्वयंसेवक स्वतःच्या अभ्यासात. मी कॅलेंडर समोर ठेवून हे एकदाही तपासलं नाही. तरी वर्ग चालला. दहावीची मुलं एप्रिल २०२३मध्ये परीक्षेला बसली, आणि नववीच्या मुलांना मी माझ्या तोंडाने सांगितलं की पुढच्या वर्षी तुमची पाळी, इथेच या.

रोटरी असो की लायन्स, या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष, सेक्रेटरी, डायरेक्टर सगळे बदलतात. नव्या मंडळाचे स्वतःचे संकल्प असतात आणि ते असावेतच. मी पद सोडताना अहवाल दिला, हिशेब दिला, फोटोंची फाइल दिली. मुलांची यादी दिली नाही. कोण कुठल्या विषयात मागे आहे याची वही शिक्षिकेकडे होती, ती मी मागून घेतली नाही. मानधनाची तरतूद मेपर्यंतचीच केली होती. खोलीची परवानगी माझ्या नावावर होती. वर्ग पुढे चालवायला कुणी नाही म्हटलं नव्हतं. चालवण्यासाठी लागणारं काहीच मी कुणाच्या हाती दिलं नव्हतं. वर्ग बंद झाला.

मला ते कळलं ऑगस्टमध्ये. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या एका बाईंनी लिफ्टपाशी थांबवून विचारलं, "मॅडम, क्लास कधी सुरू होणार? मुलगी रोज जाऊन कुलूप बघून येते." मी म्हटलं, चौकशी करते. खरं म्हणजे चौकशी करण्यासारखं काही नव्हतं. उत्तर माझ्याजवळच होतं. पण धीर गोळा करायला मी आणखी काही आठवडे घालवले, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त खंत वाटते. पद सोडतानाच दारी जाऊन, वर्ग पुढे चालेलच असं नाही, हे सांगितलं असतं तर पालकांना जूनमध्येच दुसरी सोय करता आली असती.

शेवटी घरोघरी गेले. काहींनी कर्ज काढून खासगी ट्यूशनची फी भरली होती. काहींनी काहीच केलं नव्हतं, कारण ते आमची वाट पाहत होते. क्वार्टर्ली परीक्षा होऊन गेली होती. वर्ग पुन्हा उभा करेपर्यंत डिसेंबर आला, मिचौंग वादळाने शहर पाण्यात गेलं, शाळा बंद राहिल्या. आलेल्या मुलांना आम्ही शेवटचे महिने शक्य ते शिकवलं. जी आली नाहीत त्यांना दोष द्यायला मला तोंड नव्हतं.

एक वर्षाची पदं हे कारण पुढे करणं सोपं आहे. मीही ते केलं. पण याच पद्धतीच्या संस्थेने पोलिओचं काम कसं केलं ते पाहा. रोटरीने १९८५मध्ये पोलिओ निर्मूलनाचा संकल्प केला. नैसर्गिक विषाणूमुळे होणाऱ्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. या जवळजवळ तीन दशकांत जगाच्या पातळीवरचा अध्यक्ष दर वर्षी बदलला, गावोगावच्या क्लबांचेही बदलले. सरकार, आरोग्यसेविका आणि लाखो स्वयंसेवक यांच्या बरोबरीने काम चालू राहिलं, कारण बूथ, याद्या, निधी आणि जबाबदाऱ्या पुढच्या माणसाकडे सोपवायची व्यवस्था होती. वर्ष बदलतं म्हणून काम थांबत नाही. मी सोपवलं नाही म्हणून थांबलं.

आता आमच्या क्लबात अभ्यासवर्गासाठी वेगळी समिती आहे आणि तिचे सभासद तीन वर्षं बदलत नाहीत. वर्ग जूनमध्ये शाळेबरोबर सुरू होतो आणि पब्लिक एक्झाम संपल्यावरच थांबतो. मानधनाचे पैसे पुढच्या वर्षापुरते आधीच बाजूला काढलेले असतात. कॉलेजच्या स्वयंसेवकांनी सेमिस्टर परीक्षेच्या तारखा आधी द्यायच्या आणि त्या दिवसांत क्लबच्या मोठ्या सभासदांनी वर्ग घ्यायचा, असा नियम आहे. ज्या मुलीने शिबिरात माइक घेतला होता ती आता समितीत आहे आणि शिबिरही तमिळमध्येच होतं. तिथे दाखल्यांचे अर्ज भरून घेतले जातात. झाडं ऑक्टोबरात लागतात आणि कुठली लावायची ते वॉचमन अण्णांना विचारून ठरतं. या सगळ्याने त्या एका तुकडीचं वर्ष परत येत नाही, हे मी समितीच्या बैठकीत दर जूनमध्ये सांगते.

महाराष्ट्रातही शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि क्लबांचे पदग्रहण सोहळे जुलैत. मधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत तुमच्या क्लबातलं एखादं पोरगं कुलूप पाहून परत जात असेल. माझी विनंती एवढीच आहे: नव्या डायरेक्टरने गळ्यात हार पडण्याआधी मागच्या डायरेक्टरकडून मुलांची नावं मागून घ्यावीत, प्रत्येकाला भेटावं, आणि जे काम आपण पुढे नेऊ शकणार नाही ते जूनमध्येच, त्यांच्या दारात उभं राहून, स्पष्ट सांगावं.