गळा तोच, गाणं देवाचं

लावणी नाहीतर सिनेमाची गाणी गाऊन नाव झालेली गायिका अभंग रेकॉर्ड करायला आली, की मला जॉनी कॅश आठवतो. तुरुंग, गुन्हे, दारू आणि पश्चात्ताप यांची गाणी गाणारा हा अमेरिकन कंट्री गायक ‘भक्तिसंगीताकडे वळला’, असं सर्रास लिहिलं जातं. वळला कुठे? आर्कान्सातल्या डायस गावी, कापसाच्या शेतात राबणाऱ्या घरात, आईच्या तोंडून येशूची गाणी ऐकतच तो वाढला. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सकडे तो गेला तेही गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गायचंय म्हणून. मालक सॅम फिलिप्स म्हणाले, हे खपत नाही. म्हणून बाकीची गाणी! १९५८ मध्ये त्यानं कंपनी बदलली आणि पुढच्याच वर्षी कोलंबियानं त्याच्या भक्तिगीतांची तबकडी काढली.

माझ्या कामाची तबकडी मात्र २००४ सालची, त्याच्या मृत्यूनंतर आलेली ‘माय मदर्स हिम बुक’. एक गिटार, एक गळा, बस. हाच माणूस १९५६ मध्ये ‘आय वॉक द लाइन’साठी गिटारच्या तारांत कागद अडकवून ड्रमसारखा खरखरता ठेका काढत होता. इथे तसली एकही युक्ती नाही. आवाज थकलेला, शब्दाआधीचा श्वास ऐकू येतो. आम्हा रेकॉर्डिंगवाल्यांतले बरेच जण तो श्वास आधी कापतील. मी ठेवतो. श्वास गेला की गाणारा गेला, नुसतं गाणं उरतं.

गायिकेला मी पट्टी अर्धा स्वर उतरवायला सांगतो. टाळ-पखवाज नंतर भरतो, आधी तिच्याकडून नुसत्या तानपुऱ्यावर गाऊन घेतो. समेवर येताना डोळा मारल्यासारखी जी हरकत लावणीत हवीच असते, ती तिचं तिलाच मग खटकू लागते. ठसका मात्र मोडू देत नाही. तो तिचा आहे, आणि विठ्ठलाला तो चालत नाही असं कुणी ठरवलं?

खपाचं म्हणाल तर कंट्री गायक अ‍ॅलन जॅक्सननं जुनी प्रार्थनागीतं आईला भेट द्यायची म्हणून गायली होती. २००६ मध्ये ती बाजारात आली आणि अफाट खपली. आमच्या कंपनीवाल्यांना हे ऐकवतो. ते हसतात आणि म्हणतात, बासरी थोडी वाढवा.