पादुआचें बिऱ्हाड

व्हेनिस पाहिलें, पण तेथें राहिलों नाहीं, असें सांगितलें कीं आमचे स्नेही हंसतात. परंतु सौभाग्यवतींचे गुडघे आणि व्हेनिसचे पायऱ्यांचे पूल यांचें जमण्यासारखें नव्हतें. सामान घेऊन तर नाहींच. म्हणून जवळच्या पादुआस आम्हीं आठ दिवस बिऱ्हाड थाटलें. तेथून आगगाडीनें व्हेनिस सुमारें अर्ध्या तासावर. पल्लादिओच्या इमारतींचें व्हिचेंझा त्याहूनहि जवळ. कागदी तिकिटावर गाडींत चढण्यापूर्वीं यंत्राचा शिक्का मारावा लागतो; तो न मारल्याचा दंड पहिल्याच दिवशीं भरला!

१२२२ सालचें येथील विद्यापीठ. गॅलिलिओनें तेथें १८ वर्षें शिकविलें. त्याच्या दारावरून आम्ही रोज स्टेशनाकडे धांवत होतों. पांचव्या दिवशीं सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, राहतों तें गांवच पाहिलें नाहीं. आज गाडी नको."

मग जोत्तोचीं, सुमारें १३०५ सालचीं, भित्तिचित्रें पाहण्यास गेलों. बाहेरची दमट हवा चित्रांना बाधूं नये म्हणून आधीं १५ मिनिटें बंद खोलींत बसवितात, आणि आंत जेमतेम तेवढाच वेळ देतात! त्या निळ्या छताखालीं सौभाग्यवती मान वर करून शेवटपर्यंत उभ्याच होत्या. गुडघ्यांचें नांव निघालें नाहीं. आमचें व्हेरोना मात्र राहिलें.