जस्तावरचं गाव

चित्र पुरं झालं हे चित्रकाराला आतून कळावं लागतं. प्रबंध मात्र ठरल्या तारखेला पुरा करावा लागतो. ललितकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या अंगावर एकदम येतात. एकीकडे भिंतीवर लावायच्या कामांचा संच, दुसरीकडे टाईप करून, बाइंडिंग करून द्यायचा लेखी प्रबंध, आणि शेवटी परीक्षकांसमोरची तोंडी परीक्षा. आमच्या बोलण्यात डिस्प्ले, डिसर्टेशन आणि व्हायव्हा. डिस्प्लेबद्दल सगळे रात्र रात्र बोलायचे. डिसर्टेशनचा विषय निघाला की गप्प व्हायचे. हाताने काम करणाऱ्याला लिहायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं प्रामाणिक मत होतं. मला ते पटत नाही. माझी चित्रं मोकळी झाली ती लिहिण्यामुळे.

मी बडोद्याला होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या तिथल्या फाईन आर्ट्स फॅकल्टीत चित्रकलेचा विभाग ज्यांनी उभा केला ते नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरच्या मराठी घरातले. सयाजीरावांचं शहर असल्यामुळे दांडिया बाजारात भाजी घेताना मराठी कानावर पडायचं, आणि इंदापूर तालुक्यातून आलेल्या मला ते फार आधाराचं वाटायचं. माझा विभाग ग्राफिक्सचा. त्यातही एचिंग.

एचिंग म्हणजे काय ते जरा सावकाश सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जस्ताचा पत्रा घ्यायचा. त्याच्या कडा कानशीने तिरप्या करायच्या, नाहीतर प्रेसच्या दाबाखाली कागद कापला जातो. पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. या काळ्या थरावर सुई ओढली की खालचं जस्त रुपेरी चमकतं. सुई धातूला कापत नाही, ती नुसता थर बाजूला करते. कापायचं काम आम्लाचं. पाणी घालून सौम्य केलेल्या नायट्रिक आम्लात पत्रा बुडवला की जिथे जिथे रेघ उघडी आहे तिथे बारीक बुडबुड्यांची रांग उठते. बुडबुडे तसेच राहू दिले तर त्यांच्या खाली आम्ल पोचत नाही आणि रेघ तुटक खाल्ली जाते. म्हणून हातात एक पीस धरायचं आणि त्या पिसाने बुडबुडे सारत बसायचं. मला हे काम सगळ्यांत प्रिय होतं. डोळ्यांत वाफ जाऊ नये म्हणून मान जरा मागे घ्यायची आणि पाण्याखाली आपली रेघ खोल होताना बघत राहायचं.

मग थर पुसायचा, शाई भरायची, खळीच्या जाळीदार कापडाने वरवरची शाई पुसून काढायची. शेवटचा हात तळव्याचा. ओलसर कागद, त्यावर लोकरी ब्लँकेट, प्रेसचं चाक. कागदाचा एक कोपरा उचलून पाहताना अजूनही माझे हात आधी फडक्याला पुसले जातात.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि पळसदेवच्या बाजूची कितीतरी गावठाणं वर सरकली. माझा जन्म नव्या गावठाणातला. जुनं गाव मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. आजी भाकरी थापताना तिकडच्या पांढरीबद्दल बोलायची, चुलत आजोबा तिकडच्या मळ्याबद्दल. प्रबंधाला विषय काय, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विचारल्यावर मी एका दमात सांगितलं: बुडालेलं गाव.

पहिल्या वर्षाच्या माझ्या प्लेट्स गच्च भरलेल्या होत्या. वेस, चावडी, मारुतीचं देऊळ, पार, बैलगाड्यांवर लादलेले वासे, पत्र्याच्या ट्रंका, आजीचा चेहरा, पाण्यातून वर आलेलं शिखर. आजीने सांगितलेलं प्रत्येक वाक्य मला त्या पत्र्यावर हवं होतं, कारण ते वाक्य दुसरीकडे कुठे राहणार होतं? मॅडम प्रूफ हातात घेऊन बराच वेळ पाहायच्या. एकदा म्हणाल्या, "हे सगळं तू मला सांगतेयस. आधी ते लिहून काढ. मग चित्रात काय उरतं ते बघू."

म्हणून मी लिहायला बसले. पाणी किती, जमीन किती, गावं कशी हलली, मोबदल्याची बोलणी कशी झाली, हे सगळं साध्या गद्यात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी झालेलं बोलणं मी त्यांच्याच शब्दांत, देवनागरीत, परिशिष्टात ठेवलं. बाकीचा प्रबंध इंग्रजीत होता. पण 'पाणी आलं तवा चुलीत इस्तू व्हता' हे वाक्य इंग्रजीत घालायला मी तयार नव्हते, आणि मॅडमही त्यावर अडून बसल्या नाहीत.

याच लेखनात उजनीच्या साठ्याचे आकडे आले. धरणाची क्षमता ११७ टीएमसीच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून अधिक, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. टक्केवारी या मृतसाठ्याच्या वरून मोजतात, म्हणून उन्हाळ्यात हे धरण शून्यावर येऊन थांबत नाही. वर्तमानपत्रात उणे दहा टक्के येतं, उणे वीस, एखाद्या वाईट वर्षी त्याच्याही पुष्कळ खाली. पाणी तसं तसं उतरतं आणि पळसनाथाच्या जुन्या हेमाडपंती देवळाचं आधी शिखर दिसतं, मग भिंती, आणि दुष्काळ कडक असेल तर आख्खं देऊळ भेगाळलेल्या गाळात उभं राहतं. आसपासच्या गावांतली माणसं मुलाबाळांना घेऊन बघायला जातात. ज्या वर्षी सगळा जिल्हा पाण्यासाठी टाचा घासतो, त्या वर्षी आमच्या लोकांना आपलं गाव भेटतं. हे मी प्रबंधात लिहिलं आणि तिथेच थांबून राहिले. इतकी वर्षं हे मला ठाऊक होतं, पण सलग वाक्यात मांडल्यावर त्याचं वजन हाताला लागलं.

आणि आणखी एक. माझं सगळं माध्यमच बुडवण्यावर चालतं, ही गोष्ट मला प्रवेश घेताना सुचलेली नव्हती, पीस हातात धरून बसतानाही नव्हती. दुसऱ्या प्रकरणात आम्लाच्या क्रियेचं वर्णन लिहिताना ती आपोआप कागदावर आली.

त्यानंतरच्या प्लेट्समध्ये माणसं नव्हती, गाड्या नव्हत्या, देऊळही नव्हतं. त्यांना आता प्रबंधात घर मिळालं होतं. पत्र्यावर राहिली ती एक आडवी रेघ, पाण्याची, प्रत्येक प्लेटवर आधीपेक्षा खाली. रेघेच्या वर कोरा कागद, खाली ॲक्वाटिंटचे पट्टे. ॲक्वाटिंटमध्ये राळेची बारीक पूड पत्र्यावर भुरभुरवतात आणि खालून तापवून ती जेमतेम वितळू देतात. आम्ल त्या कणांच्या मधून जस्त खातं. फिका करडा हवा तर काही सेकंद, काळाशार हवा तर कित्येक मिनिटं. पाण्याची खोली मला रंगाने दाखवावी लागली नाही, ती बुडवण्याच्या वेळेने झाली. संचाला नाव दिलं 'उणे'.

प्रबंधात आपल्या आधीच्यांचा धांडोळा घ्यावा लागतो. मला ते काम कृतज्ञतेचं वाटलं. झरीना हाश्मी यांनी १९९९ मध्ये छत्तीस काष्ठछापांचा एक संच केला, घर आणि त्याच्या आठवणीतले शब्द घेऊन. जन्म अलीगढचा, आयुष्य शहरोशहरी गेलेलं, आणि घर म्हणून कागदावर राहिलेल्या थोड्याशा काळ्या रेघा. इतक्या कमी रेघांत एखादं घर मावतं हे धैर्य मी त्यांच्याकडून घेतलं. बडोद्याचे ज्योती भट्ट स्वतः छापचित्रकार, पण गुजरातच्या खेड्यांतली भिंतीवरची चित्रं पुसली जात आहेत हे दिसल्यावर त्यांनी कॅमेरा उचलला आणि वर्षानुवर्षं ती टिपत राहिले. नोंद करणं हे चित्रकाराला कमीपणाचं नाही, हे त्यांच्यामुळे ठामपणे लिहिता आलं. अधूनमधून मी कीर्तिमंदिरात जाऊन बसायचे. गायकवाड घराण्याच्या मृतांचं ते स्मारक, आणि त्याच्या भिंतीवर नंदलाल बोसांनी रंगवलेलं गंगावतरण. वरून येणारं पाणी. माझ्या वाट्याला चढत गेलेलं पाणी आलं होतं, तरी तिथून उठवत नसे.

रेम्ब्रांटबद्दल मात्र मी प्रबंधात जितकं लिहिलं त्याच्या चौपट बोलले असेन. त्याचं 'तीन क्रूस' हे छापचित्र. छापचित्रकार एकाच पत्र्यावर काम करत जातो आणि मध्येमध्ये छाप काढतो. अशा प्रत्येक टप्प्याला स्टेट म्हणतात. या पत्र्याच्या तिसऱ्या स्टेटवर रेम्ब्रांटने सही केली, १६५३ हे साल घातलं. म्हणजे त्याच्या लेखी चित्र झालं होतं. पुढे कधीतरी तोच पत्रा त्याने पुन्हा घेतला आणि चौथ्या स्टेटमध्ये माणसं खरवडून काढली, आकृत्या बदलल्या, वरून काळोखाच्या उभ्या रेघांचा लोट सोडला. दोन्ही छाप आज जगात आहेत आणि दोन्ही पूर्ण आहेत. तारीख जवळ आली की मी या दोन छापांच्या छायाप्रती टेबलासमोर चिकटवायचे. जमा करण्याचा दिवस हा माझ्या पत्र्याचा एक स्टेट आहे, तिथे सही करायला हरकत नाही, असं त्यांच्याकडे बघून वाटायचं.

शेवटचे आठवडे कुठल्याही विभागात सारखेच. बाइंडिंगवाल्याकडे रांग, पानांचे क्रमांक, भिंतींना पांढरा रंग, लेव्हलची बाटली घेऊन फ्रेम सरळ करणारे मित्र. 'उणे'च्या प्लेट्समधली पाण्याची रेघ दालनभर उतरत जावी म्हणून फ्रेम्स मी एका उंचीवर ठेवल्या आणि मधोमध एका स्टुलावर प्रबंध ठेवला. उघडा.

व्हायव्हाला बाहेरून आलेले परीक्षक एक फेरी मारून परतले आणि म्हणाले, "यात माणसं कुठे आहेत?" मी स्टुलाकडे बोट केलं. त्यांनी परिशिष्ट काढलं. मराठी त्यांना येत नव्हतं, म्हणून मी शेजारी उभी राहून हिंदीत सांगत गेले आणि ते मान वर करून पुन्हा पुन्हा भिंतीकडे बघत राहिले. बाकीचे प्रश्न कागदाचे आणि आम्लाचे होते.

संचात एक प्लेट वेगळी होती, जुन्या गावठाणाच्या नकाशाची. चुलत आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, सांगितला तसा नकाशा मी थेट पत्र्यावर काढला. छापल्यावर एचिंग आरशातल्यासारखं उलटं येतं, डावं ते उजवं. पत्र्यावर आधीच उलटं काढून हे टाळता येतं. मी मुद्दाम टाळलं नाही. नकाशा आपण वरून बघतो; तोच खालून, तळातून वर बघितला तर असाच उलटा दिसेल. छापला तो पातळ नेपाळी कागदावर.

निकालानंतर तो छाप घेऊन मी गावी गेले. तात्यांनी चष्मा पुसून घातला, कागद मांडीवर घेतला आणि लगेच म्हणाले, "पोरी, नदी ह्या अंगाला नव्हती गं." मी तळातून बघायची गोष्ट सांगायला लागले. त्यांनी ती ऐकून घेतली, पण हात थांबले नव्हते. कागद उचलून त्यांनी पालथा केला आणि दाराकडे तोंड करून उजेडात धरला. पातळ कागदातून रेघा आरपार दिसत होत्या, नदी तिच्या जागी होती. "आता बरोबर," म्हणाले, आणि हाक मारून त्यांनी शेजारच्या आण्णांना बोलावून घेतलं. आण्णा आले, वाकून बघितलं आणि म्हणाले पार चिंचेच्या अलीकडे होता, तात्या म्हणाले पलीकडे. आवाज चढले. आजी भाकरीचा हात तसाच घेऊन उंबऱ्यात आली आणि चिंच मुळात तिथे नव्हतीच, ती पाटलाच्या वाड्यामागे होती असं सांगून गेली. मी पिशवीतून पेन्सिल काढली.