समोरच्याचे डोळे

मंगळवेढ्याच्या परिसरात ज्यांनी रात्रीचा प्रवास केला आहे, त्यांना तेथील काळ्या रानाची ओळख निराळी करून द्यावयास नको. दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्याची कोठारे खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा ज्या भूमीत सांगितली जाते, ती ही ज्वारीची भूमी. येथील ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही लाभले. मैलोगणती सपाट रान, उंच झाड क्वचितच, आणि त्या रानातून सरळ गेलेले रस्ते. दिवसा हा सपाटपणा डोळ्यांना विसावा देतो. रात्री मात्र तोच वाहनचालकाची परीक्षा पाहतो. दूरवरून येणाऱ्या वाहनाचा दिवा प्रथम एखाद्या चांदणीसारखा दिसतो. मग त्या चांदणीच्या दोन होतात, पाहता पाहता चार होतात, आणि शेवटी आपल्यापुढे रस्ता उरतच नाही. उरते ती एक पांढरी भिंत.

आजाऱ्यांची विचारपूस, एखाद्या घरची प्रार्थना, कधी अंत्यविधी, अशा कारणांनी आम्हांला सोलापूर ते मंगळवेढा हे सुमारे पंचावन्न किलोमीटरचे अंतर पुष्कळदा अंधार पडल्यावर कापावे लागते. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढामार्गे सोलापूरला येणारा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता रुंद झाला आहे. अशा चौपदरी रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात कण्हेर लावलेली आपण पाहिली असेल. ती केवळ शोभेसाठी नसते. कण्हेर कमी पाण्यावर जगते, जनावरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि वाढून दाट झाली म्हणजे पलीकडच्या वाहनांच्या दिव्यांचा झोत अलीकडच्या चालकाच्या डोळ्यांवर येऊ देत नाही. परंतु महामार्ग सोडून पंढरपूरकडे, उमदीकडे किंवा आतल्या खेड्यांकडे वळले, की रस्त्याच्या मध्ये कण्हेर नसते. तेथे कण्हेरीचे काम चालकाला आपल्या बोटाने करावे लागते. सुकाणूजवळची ती लहानशी दांडी वेळेवर हलवणे, ज्याला आपण सारे ‘डिपर देणे’ म्हणतो, एवढेच ते काम. मालमोटारींच्या पाठीवर रंगवलेले ‘यूज डिपर ॲट नाईट’ हे शब्द वर्षानुवर्षे तेच सांगत आले आहेत.

वाहनावर दिवा कशासाठी असतो, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे आहे: आपल्याला दिसावे म्हणून. आमच्या लहानपणी बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. त्या मिणमिणत्या प्रकाशात गाडीवानाला फारसे काही दिसत नसे; वाट बैलांनाच ठाऊक असे. तरीही कंदील लावल्यावाचून कोणी रात्रीचा निघत नसे, कारण ‘येथे आम्ही आहोत, जपून या’ असे इतरांना सांगणे हे त्या कंदिलाचे मुख्य काम होते. दिव्याची ही दोन कामे आहेत, स्वतःला दिसणे आणि दुसऱ्याला दिसणे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप पेटलेला राहतो, तो या दुसऱ्या कामासाठीच. आजच्या प्रखर दिव्यांनी मात्र तिसरेच एक काम आपल्याकडे घेतले आहे. ते म्हणजे दुसऱ्याला काहीच दिसू न देण्याचे.

आपल्या डोळ्यांची रचना थोडी समजून घेतली, म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य ध्यानात येईल. अंधारात बाहुली विस्फारते आणि डोळ्याचा पडदा अंधुक प्रकाशाला हळूहळू सरावतो. हा सराव पूर्ण होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. तो मोडण्यास मात्र एक क्षण पुरतो. तीव्र झोत डोळ्यांवर आला की बाहुली आकसते, डोळ्याच्या आत प्रकाश विखुरतो, आणि झोत निघून गेल्यावरही काही सेकंद समोर काळोखच राहतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा-सतरा मीटर अंतर कापते. तीन सेकंद दिसले नाही, तर पन्नास मीटर रस्ता आपण डोळे मिटून गेल्यासारखेच झाले. त्या पन्नास मीटरांत कोण चालत असेल, हे कोणास ठाऊक?

या पन्नास मीटरांचा विचार आम्ही करू लागलो तो तेथील माणसे पाहून. हिवाळ्यात उसाचा हंगाम सुरू झाला, की दुहेरी ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाने लादलेल्या बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो, परावर्तक चिखलाने झाकलेले असतात. काही ट्रॅक्टरांच्या मागच्या बाजूस नांगरणीसाठी दिलेला पांढरा दिवा रस्त्यावरही चालूच ठेवलेला असतो. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसण्याऐवजी तो दिवाच दिसतो. ऊसतोड करणारी कुटुंबे रस्त्याच्या कडेने चालतात. पाण्याची पाळी असलेला शेतकरी खांद्यावर फावडे घेऊन रानाकडे निघालेला असतो. कार्तिकी जवळ आली, की विजयपूरच्या बाजूने येणाऱ्या दिंड्या मंगळवेढ्यावरून पंढरपूरची वाट धरतात, आणि ऊन टाळण्यासाठी पहाटेच्या अंधारातच चालू लागतात. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली; त्यांतील बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारी होती. दिपलेल्या डोळ्यांमुळे यांतले किती गेले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे, कारण झोत टाकणारे वाहन तोपर्यंत पुढे निघून गेलेले असते. अपघाताच्या जागी त्याची खूण राहत नाही.

मंगळवेढ्याला या गोष्टीचा एक जुना संदर्भ आहे. संत चोखामेळा याच गावी कुसवाच्या बांधकामावर मजुरी करीत असता भिंत कोसळून इतर मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते. ते साल १३३८ मानले जाते. नामदेवांनी येऊन त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपुरास नेल्या. चोखोबांना शोधणारा कोणी होता, म्हणून त्यांचे नाव उरले. त्यांच्याबरोबर गेलेल्या मजुरांची नावे कोणी सांगत नाही. रात्री रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस बहुधा अशाच बिननावाच्या माणसांपैकी असतो, आणि त्याला पाहता येणे ही आपल्या दिव्याची पहिली जबाबदारी असते.

आता दिव्यांकडे वळू. पुष्कळ वाहनांत जो हॅलोजनचा बल्ब असतो, त्यात दोन तारा असतात: ६० वॅटची दूरच्या झोतासाठी आणि ५५ वॅटची जवळच्या झोतासाठी. जवळच्या झोताच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी बसवलेली असते. आरशाच्या खालच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडला असता तो वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. ती वाटी त्याला अडवते. बोटाच्या पेराहूनही लहान अशा त्या वाटीत एका अनोळखी माणसाची केवढी काळजी घेतलेली आहे! बाजारातून स्वस्तातला एलईडी आणून जुन्या दिव्यात बसवला, किंवा शंभर वॅटचा बल्ब घातला, म्हणजे ही सारी योजना मोडते. प्रकाशाचा उगम ठरल्या जागी न राहिल्याने आरसा त्याला वाट्टेल तिकडे फेकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये यासाठी एक मापच दिलेले आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत. कायद्याची भाषा एरवी रुक्ष असते. येथे मात्र नियम करणाऱ्याने रस्त्याच्या कडेला मध्यम उंचीचा एक माणूस उभा केला आणि त्याच्या डोळ्यांचा विचार करून आकडे लिहिले, असे आम्हांस वाटते.

धुक्याच्या दिव्यांची, म्हणजे फॉग लाइटची, कथाही याच जातीची आहे. मार्गशीर्ष-पौषात भीमेच्या काठाने आणि ओल्या रानांवरून पहाटे धुके उतरते. अशा वेळी दूरचा झोत लावला तर धुक्याचे असंख्य सूक्ष्म थेंब तो प्रकाश आपल्याकडेच परत पाठवतात, आणि आपणच आपल्यापुढे पडदा ओढून घेतो. म्हणून धुक्याचे दिवे खाली बसवतात. त्यांचा झोत रुंद, चपटा आणि वरून कापल्यासारखा असतो. रस्त्याच्या कडा आणि जवळचे अंतर दाखवणे, चालकाला सावकाश पुढे जाऊ देणे, एवढेच त्यांचे काम. पिवळा प्रकाश धुके भेदतो, अशी एक समजूत आहे. वस्तुतः धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात, की सर्वच रंग जवळजवळ सारखे विखुरले जातात. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकापासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवेच सक्तीचे होते. पिवळा प्रकाश डोळ्यांना सौम्य वाटतो, हाच काय तो त्याचा गुण.

निरभ्र रात्री हे दिवे लावून काय साधते? दूरचे काहीच अधिक दिसत नाही. उलट पायाजवळचा रस्ता फार उजळल्याने आपली बाहुली आकसते आणि लांबचे अधिकच अंधुक होते. दिवे खाली वाकलेले नसले, किंवा रस्ता ओला असला, तर त्यांचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागचा तांबडा धुक्याचा दिवा तर स्वच्छ हवेत मागच्या चालकाला सतत टोचतो, आणि त्याच्या तेजात ब्रेकचा दिवा हरवून जातो. धुके विरले, की तो दिवा मालवावा. ज्याचे काम संपले, त्याने बाजूला होणे शोभून दिसते.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात झालेली. वय वाढले की डोळ्यात प्रकाश अधिक विखुरतो. मोतीबिंदू असला तर एकेका दिव्याचे मोठे वलय होते. आयुष्यभर नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा त्यांनी चुकवली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आम्हांला सांगितले, “फादर, यापुढे मी सकाळच्या मिस्सेला येत जाईन. रात्री आता गाडी चालवत नाही; मुलाला दरवेळी अडकवून ठेवणे बरे नाही.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आम्हांला मात्र वाईट वाटले. रस्त्यावरून त्यांना कोणी हुसकून लावले नव्हते. त्यांच्या डोळ्यांवर झोत टाकणाऱ्यांपैकी एकालाही त्यांचे नाव ठाऊक नाही. तरीही त्यांची रात्र त्यांच्यापासून हिरावली गेली. अशी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी असतील.

या दोषाचे वैशिष्ट्य असे, की तो करणाऱ्याला कधी कळत नाही. त्याला रस्ता लख्ख दिसत असतो. आपल्या दिव्यांचा त्याला अभिमानही असतो. त्रास ज्याला होतो, तो दुसऱ्याच क्षणी मागे पडलेला असतो. डिपर देणाऱ्याचे आभार कोणी मानीत नाही आणि न देणाऱ्याला सहसा कोणी पकडत नाही. म्हणूनच अनोळखी माणसाविषयी आपल्या मनात किती आस्था आहे, हे येथे जसे उघडे पडते तसे क्वचितच कोठे पडत असेल. दिवठणीवरच्या दिव्याचा दृष्टान्त आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो दिवा घरातल्या सर्वांसाठी असतो, हे आपण रस्त्यावर विसरू नये.

काही तरुण आम्हांला विचारतात, “समोरचा देत नाही, मग आम्हीच का द्यायचा?” त्यावर आमचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे. त्याने आपल्याला आंधळे केले आणि रागाने आपणही त्याला केले, तर त्या अरुंद रस्त्यावर दोन आंधळे एकमेकांच्या दिशेने येत आहेत, एवढेच निष्पन्न झाले. त्यापेक्षा वेग कमी करावा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर ठेवावी आणि त्याला जाऊ द्यावे. समोर कोणी नसेल, तेव्हा दूरचा झोत अवश्य वापरावा. जनावर, खड्डा, कडेने चालणारा माणूस त्यानेच दिसतो. समोर वाहन दिसले, किंवा आपण कोणाच्या मागे असलो, की तो उतरवावा. समोरून येणारा पायी असला, तरीही उतरवावा.

नवी गाडी घेतली, की आपले लोक ती आशीर्वादासाठी घेऊन येतात. पुढे हार घातलेला असतो, आत सेंट ख्रिस्तोफरचे पदक लावलेले असते. अलीकडे प्रार्थनेनंतर आम्ही मालकाला एक विनंती करतो. एखाद्या संध्याकाळी सपाट जागी, भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करा आणि जवळचा झोत लावून तो भिंतीवर कोठवर चढतो ते पाहा. मग मागच्या आसनावर घरची माणसे बसवून पुन्हा पाहा. मागे भार पडला की दिवे वर पाहू लागतात. पुष्कळ गाड्यांत सुकाणूजवळ दिवे खाली-वर करण्याची लहानशी चकती असते. ती कशासाठी आहे, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. झोत तेवढ्याने उतरला नाही, तर दिवे गॅरेजमध्ये जुळवून घ्या. जादा बल्ब कोणी बसवून देऊ म्हणाला, तर नको म्हणा. पुढची काच आतून-बाहेरून पुसून ठेवा. आणि शेवटी घरातल्या एखाद्या मुलाला गाडीपुढे आठ मीटरवर, उजव्या बाजूला उभे करून विचारा, “बाळ, डोळ्यांना लागते का रे?”