गोरे इस्रायल, काळे इस्रायल

अमेरिकेत वर्णभेद आणि आपल्याकडे जातिभेद, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. मुलाकडे अमेरिकेत उन्हाळा काढून आलेले अलिबागकर मला हमखास ऐकवतात, "तिकडे कातडीचा रंग बघतात हो, आपल्याकडे तसलं काही नाही." रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या समाजांचा इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय, आणि त्यात हे 'तसलं काही' भरपूर सापडतं. फक्त ते अमेरिकेसारखं दिसत नाही. काही ठिकाणी तर अगदी उलटं दिसतं.

आधी ते उलटं प्रकरण. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली काही माणसं उतरवली गेली. अमेरिकेतल्या काळ्या गुलामगिरीचा इतिहास सांगताना बहुतेक जण याच वर्षापासून सुरुवात करतात. त्याच वर्षी अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हातात होता. तो इथिओपियात जन्मलेला, पोरवयात विकला गेलेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात दख्खनला पोचलेला. शहाजीराजांसारखे सरदार त्याच्या बाजूने मोगलांशी लढले. जंजिऱ्याचे सिद्दी याच हबशी लष्करी परंपरेतले. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत मुरुडच्या आगरी, कोळी, ब्राह्मण, मुसलमान रयतेवर आफ्रिकी वंशाच्या घराण्याची सत्ता होती. शाळेच्या पुस्तकात सिद्दी भेटतो तो न जिंकता आलेल्या किल्ल्याचा कपटी धनी म्हणून. खोकरीला सिद्द्यांच्या दगडी कबरींपुढे उभं राहून 'हे लोक आले कुठून' हे विचारणारा विद्यार्थी मला फार क्वचित भेटला.

म्हणून आपले पूर्वज रंगाच्या बाबतीत उदार होते, असा निष्कर्ष काढायची घाई नको. गुलामांचा बाजार इथेही होता. फरक एवढाच की लष्करात चाकरी करणारा हबशी गुलाम मोकळा होऊन सरदार होऊ शकत असे आणि गुलामी त्याच्या पोराबाळांच्या कातडीला कायमची चिकटत नसे. पण तलवार हातात नसलेल्या सिद्द्यांचं काय झालं ते उत्तर कन्नडात, यल्लापूर-हल्याळच्या रानात दिसतं. तिथे ते पिढ्यान्पिढ्या जंगलात आणि दुसऱ्यांच्या शेतात राबले. कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं. आफ्रिकेतून आलेल्यांपैकी कुणाचे वंशज नवाब झाले, कुणाचे मजूर. कातडी तीच होती.

रंगाचं नाव घेऊन माणसं वेगळी काढल्याचा आमच्या किनाऱ्यावरचा खरा दाखला मात्र सिद्द्यांचा नाही. तो शनिवार तेल्यांचा, म्हणजे बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यूंचा आहे. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, ही त्यांची मूळकथा. ही मंडळी घाण्यावर तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची. अंगावर इथलाच पेहराव, घरात मराठी, कालवणात नारळाचं दूध, पण खवले नसलेली मासळी वर्ज्य. नवस फेडायला एलियाहू हनबी या प्रेषिताचा मलिदा. गावावरून आडनावं घ्यायची कोकणी रीत त्यांनी जशीच्या तशी उचलली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. नुसतं आडनाव ऐकून माणूस देवळात जातो, मशिदीत की अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये, हे ओळखणं कठीण.

एवढा मिसळलेला हा समाज स्वतःच्या आत मात्र दोन भागांत वाटलेला होता, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. बाप बेने इस्रायल आणि आई परधर्माची, अशा जोडप्याची संतती काळी. त्यांच्याशी सोयरीक नाही, पंगतही नाही. गंमत अशी की काळे इस्रायल दिसायला काळेच असत असं नाही, आणि गोऱ्यांतही सावळे भरपूर. इथे रंग हे रक्ताला दिलेलं नाव होतं. आजूबाजूच्या गावगाड्यात ज्या रीतीने माणसं वर-खाली बसत, तीच रीत या चिमुकल्या समाजाने आपल्या घरात आणून बसवली, असं माझं मत आहे. त्यासाठी त्यांना कुणा गोऱ्या साहेबाची शिकवणी लागली नाही.

२०१६ मध्ये या समाजाच्या जनुकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यपूर्वेतून आलेला वारसा प्रामुख्याने पुरुषांकडून आणि इथला वारसा प्रामुख्याने बायकांकडून, असं त्यात दिसलं. त्या बायकांनी धर्म स्वीकारला होता की नाही, हे जनुकांत लिहिलेलं नसतं. पण आईच्या रक्तावरून काळे-गोरे ठरवायचंच म्हटलं, तर पणजीच्या पणजीपर्यंत मागे गेल्यावर गोऱ्यांच्या बाजूला उरणार कोण?

हाच प्रश्न पुढे त्यांच्या अंगावर उलटला. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तिथल्या प्रमुख धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना सूचना दिली की यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा, शक्य तितक्या मागे जाऊन. पेण-अलिबागकडे जे काळ्यांना गोरे विचारत, ते आता सगळ्यांनाच सरसकट विचारलं जाऊ लागलं. १९६४ मध्ये जेरुसलेमला त्यांनी धरणं धरलं, प्रकरण संसदेत गेलं आणि हे इतर ज्यूंसारखेच ज्यू आहेत असं सरकारला जाहीर करावं लागलं. मुंबई-कोकणात ते कधी ज्यू म्हणून छळले गेले नव्हते. 'भारतीय' म्हणून वेगळं काढलं जाण्याचा अनुभव त्यांना पवित्र भूमीत पोचल्यावर आला.

आता अमेरिका. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार गोऱ्या माणसाला गोऱ्याशीच लग्न करता येई, आणि गोरा कोण, तर ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा मागमूस नाही तो. अमेरिकन इंडियन रक्ताच्या सोळाव्या हिश्श्यापुरती तेवढी सूट होती, कारण तिथली काही बडी घराणी पोकाहाँटसची वंशज असल्याचं मिरवत. काळे इस्रायल ठरवण्याची रीत ज्याला ठाऊक आहे, त्याला हा कायदा वाचताना नवल वाटत नाही. फरक आहे तो मागे उभ्या असलेल्या पोलिसांचा आणि तुरुंगाचा. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मोडीत काढला.

आपण भारतीय त्या व्यवस्थेत बसायचे कुठे, हे अमेरिकेला बराच काळ ठरवता आलं नाही. १९१० मध्ये भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थाला तिथल्या न्यायालयाने गोरा मानून नागरिकत्व दिलं. पुढे भगतसिंग थिंड हा भारतीयही नागरिकत्वासाठी न्यायालयात गेला. आपण उच्चवर्णीय हिंदू, आर्य रक्ताचे, म्हणून गोरे, असा त्याचा दावा. सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये तो फेटाळला. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा! जातीची उंची दाखवून वर्णाची पायरी चढण्याचा तो प्रयत्न होता. थिंडच्या कैवारात लिहिणारे आपले लोक या भागावरून अलगद पुढे सरकतात. पुढे १९७०च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८०च्या जनगणनेत 'एशियन इंडियन' असा वेगळा रकाना आला. तोही आपल्याच एका संघटनेने मागून घेतला होता. एकाच माणसाची दहा वर्षांत दोन उत्तरं!

जात आणि वर्ण यांना जोडणारा हा धागा पुण्यात बसून फार आधी ज्यांना दिसला ते जोतीराव फुले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती हबशी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आपल्या शूद्र बांधवांच्या बाबतीत देशबांधवांनी तोच कित्ता गिरवावा, ही त्यामागची आशा. दीडशे वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिॲटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, कारण तोवर जातच विमानाने तिकडे पोचली होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं आणि राज्यपालांनी ते नाकारलं. विरोध करणाऱ्यांत भारतीय संघटना पुढे होत्या, पाठिंबा देणाऱ्यांतही भारतीयच होते. उन्हाळा काढून आलेल्या अलिबागकरांना मी हल्ली एवढंच विचारतो, की यातल्या कुठल्या बाजूला तुमच्या मुलाने सही केली?