जावईबापूंची बादली

आजचा विषय वाचून माझे जुने विद्यार्थी दचकतील. बत्तीस वर्षं सांगलीच्या शाळेत मराठी शिकवलेला, चहाशिवाय कसलंही व्यसन नसलेला मास्तर बीअर कशी करतात ते सांगतोय म्हणजे काय! पण गेल्या वर्षी इंग्लंडात लीड्सला लेकीकडे तीन महिने राहिलो, आणि तिथे पाहिलेली ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी जिन्याखालच्या कपाटात जुन्या ब्लँकेटात गुंडाळलेली मोठी, झाकणाची बादली दिसली. आतून बुडबुड असा आवाज. लेकीला विचारलं तर हसून म्हणाली, "बाबा, ती ह्यांची बीअर." सासऱ्यासमोर असं उघडं पडल्यावर जावईबापू बिचारे दोन दिवस माझी नजर चुकवत होते. शेवटी मीच म्हटलं, "पुढची बादली लावाल तेव्हा मला दाखवा."

सगळा मामला काटकसरीचा. बादली जुन्या बाजारातली. बाटल्या सोड्याच्या, प्लॅस्टिकच्या, वर्षभर जपून ठेवलेल्या. विकत आणायचा तो माल्टच्या अर्काचा डबा, पावणेदोन किलोच्या आसपास. कडू हॉप्स त्यात आधीच घातलेले असतात आणि यीस्टची पुडी झाकणाखाली. डबा गरम पाण्यात ठेवून अर्क पातळ करायचा, बादलीत ओतायचा, उकळतं पाणी आणि किलोभर साखर घालून ढवळायचं, मग गार पाणी घालून तेवीस लिटर करायचं. (नुसती साखर घातली तर चव पांचट होते, म्हणून जावईबापू निम्मी साखर आणि निम्मी माल्टची कोरडी पावडर घालतात. एवढीच चैन.) पाणी कोमट झालं की वरून यीस्ट भुरभुरायचं. वीस अंशांच्या आसपास आठवडाभर ठेवायचं, बाटल्यांत भरताना प्रत्येकीत चिमूटभर साखर, आणि मग दोन आठवडे कळ काढायची. तिकडच्या पबमधल्या चार-पाच ग्लासांच्या पैशात चाळीस ग्लास!

आणि स्वच्छता? आपल्याकडे लोणच्याची बरणीसुद्धा इतकी कुणी जपत नसेल. बादली, चमचा, नळी, प्रत्येक बाटली जंतुनाशकाच्या पाण्यातून काढलेली. एक काचेची नळी रसात तरंगत ठेवून घनता बघतात. सुरुवातीला १०४०, आठवड्याने १०१०. फरक तीस, त्याला १३१ ने गुणून हजाराने भागा, की मद्यार्क आला ३.९ टक्के. मराठीच्या मास्तरालाही जमलं.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. डबा रिकामा करताना बोटाला लागलेला अर्क मी चाटला आणि चकित झालो. काकवीसारखा दाट, गोड, मागून हॉप्सचा कडवटपणा आणि त्याच्याही मागे... लहानपणीचं नाचणीचं सत्त्व! पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी काकू नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, उन्हात वाळवून, भाजून जात्यावर दळायची. माल्ट म्हणजे हेच. फक्त नाचणीच्या जागी सातू. मोड येताना दाण्यात जे तयार होतं, ते पिठाची साखर करतं. ती साखर गरम पाण्यात उतरवून घ्यायची, पाणी आटवायचं, की झाला अर्क.

त्याच घरात दुसरंही एक आंबवण असायचं. मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती, आणि आमचे आबा, म्हणजे काकूचे यजमान, हातभट्टी लावत. काळा गूळ, नवसागर, ओढ्याच्या काठाला पुरलेली मडकी. पोलिसांनी दोनदा मडकी फोडली, एकदा आबा तीन महिने आत जाऊन आले. विकण्यापेक्षा पीतच जास्त. पोटात पाणी होऊन गेले तेव्हा चाळिशीही धड ओलांडली नव्हती. मी तेव्हा बारा वर्षांचा. काकूच्या पायाला हात लावून म्हटलं होतं, थेंब घेणार नाही.

जावईबापूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "इथेही भट्टी लावायला बंदीच आहे, बाबा. बीअर घरापुरती करायला मात्र १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची नाही, एवढंच." आपल्याकडे १९४९ चा कायदा अजून आहे आणि परवान्याशिवाय अशी बादली लावणं हा गुन्हाच. कुणी माझं वाचून उद्योग करू नये! २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. जावईबापूंच्या बादलीत तसलं काही नसतं, हे मला पटलं. पण बुडबुड ऐकली की ओढाच आठवायचा.

बाटली उघडली त्या रात्री मी दोन घोट घेतले. हो, घेतले. कडू लागली, वाईट नाही लागली. झोप मात्र आली नाही.

परत आल्यावर काकूला भेटायला गेलो. ती आता नव्वदीच्या पुढे, सांगलीतच मुलीकडे असते. तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, बोलायचीच बंद होईल. तिने ऐकून घेतलं.

"भट्टी लावत्यात?"

"नाही काकू. नुसतं आंबवायचं."

"आन् भांडी कोन धुतं?"

"जावई स्वतःच धुतात. सगळी."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "आमची मडकी मी धुवायची. थंडीत, वढ्याच्या पान्यात."

बाकी बीअरबद्दल तिने काही विचारलं नाही. निघताना नाचणीच्या पिठाची पुडी दिली, लेकीला पाठवायला.